शुभंकराचा पाय आणि दारातली पायरी

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर २७ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर २०२५ या दिवसांत अपंग खेळाडूंची जागतिक मैदानी स्पर्धा पार पडली. हे यजमानपद भारताकडे प्रथमच आले होते. शंभरावर देशांचे खेळाडू आले आणि भारतीय खेळाडूंनी सहा सुवर्णपदकांसह बावीस पदके मिळविली. या स्पर्धेसाठी एक शुभंकर ठरविण्यात आला होता. विराज नावाचा हत्तीचा हसरा छावा, आणि त्याच्या एका पायाच्या जागी, पाय गमावलेले धावपटू वापरतात तशी वक्र पाती. वृत्तपत्रांतून त्याची चित्रे आली आणि त्याविषयीचे कुतूहल जवळपास तेथेच संपले. देशभर गाजली ती बातमी वेगळीच होती. मैदानात शिरलेल्या भटक्या कुत्र्यांनी केनिया आणि जपान या देशांच्या प्रशिक्षकांना चावे घेतले होते.

बाहुल्या आणि खेळणी यांवर पक्षाच्या साप्ताहिकाने जागा का खर्चावी, असे एखादा कार्यकर्ता विचारील, आणि त्याचे विचारणे गैर नाही. परंतु समाजाचे मन त्याच्या ठरावांतून जितके कळते त्यापेक्षा त्याच्या बेसावध क्षणांतून अधिक कळते. व्यासपीठावरून अपंगांविषयी वावगे बोलणारा माणूस आज शोधूनही सापडणार नाही. पण हात नसलेली बाहुली मुलाच्या हाती द्यावी की नाही, एवढा साधा प्रश्न पुढे आला की मंत्री, संपादक, दुकानदार आणि घरातली वडीलधारी माणसे ही सर्व जे बोलून जातात ते त्यांच्या अंतःकरणातून आलेले असते. अपंगांच्या क्रीडास्पर्धांचे शुभंकर गेली काही दशके नेमका हाच प्रश्न समाजापुढे टाकीत आले आहेत. त्यावर जे प्रतिसाद उमटले ते तपासून पाहण्यासारखे आहेत.

पॅरिसचे उदाहरण अजून ताजे आहे. २०२४च्या ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक स्पर्धांचे शुभंकर १४ नोव्हेंबर २०२२ रोजी जाहीर झाले. फ्रेंच राज्यक्रांतीत जनतेने डोक्यावर घेतलेली, आणि दास्यातून मुक्त झालेल्या माणसाची खूण म्हणून ओळखली जाणारी फ्रिजियन टोपी. तिलाच हातपाय आणि डोळे देऊन 'फ्रीज' नावाची दोन भावंडे निर्माण करण्यात आली. (उच्चार आपल्या घरातील शीतकपाटासारखा असला तरी नाते काही नाही.) एक भावंड ऑलिम्पिकचे, दुसरे पॅरालिम्पिकचे. दुसऱ्याच्या एका पायाच्या जागी पाती आहे. एरवी दोघांचा रंग तोच, चेहरा तोच, तोरा तोच. अपंग खेळाडूसाठी निराळा, अधिक सौम्य, अधिक केविलवाणा प्राणी न घडविता एकाच कुळातली दोन भावंडे दाखविणे, यात खरी समतेची दृष्टी होती, आणि तिचे श्रेय संयोजकांना दिलेच पाहिजे.

पण फ्रान्समध्ये गदारोळ उठला तो दोन भलत्याच कारणांनी. पहिले कारण आकाराचे. ही टोपी स्त्रीदेहाच्या एका अवयवासारखी दिसते, म्हणून विनोदांना ऊत आला. दुसरे कारण अधिक गंभीर होते आणि ते आमच्या विचाराच्या माणसाला जवळचे वाटावे असे होते. विक्रीसाठी तयार व्हावयाच्या सुमारे वीस लाख मऊ बाहुल्यांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास चीनमध्ये तयार होणार, असे उघड झाले. मुक्तीचे चिन्ह, आणि ते शिवायचे दूरच्या कारखान्यात! क्रिस्तोफ बेशू या पर्यावरण खात्याच्या मंत्र्यालाही हे खटकल्याचे कबूल करावे लागले. फ्रेंच मजुराच्या हातचे काम गेले म्हणून वाद झाला. चिनी मजुराला काय मिळते, हा प्रश्न त्या वादात फारसा कोणाला सुचला नाही. आणि पातीच्या पायाविषयी? त्याचे एका वाक्यात कौतुक झाले आणि गाडी पुढे गेली.

त्या एका वाक्याच्या कौतुकामागे काय होते ते पॅरिसच्या भुयारात उतरल्यावर कळते. १९०० साली सुरू झालेल्या तेथील मेट्रोची तीनशेहून अधिक स्थानके आहेत. २०२४च्या उन्हाळ्यात, जगभरचे अपंग खेळाडू आणि प्रेक्षक त्या शहरात आले तेव्हा, चाकाच्या खुर्चीवरून संपूर्णपणे वापरता येईल अशी जुन्या शहरातली मार्गिका एकच होती, चौदा क्रमांकाची. बस आणि ट्राम यांची स्थिती बरी होती, हेही नमूद केले पाहिजे. पण ज्या शहराने पातीच्या पायाची बाहुली दुकानादुकानांतून मांडली, त्या शहरात चाकाच्या खुर्चीतला माणूस बहुतेक स्थानकांच्या जिन्याच्या तोंडाशीच थांबत होता.

येथे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. बार्सिलोनाच्या १९९२च्या पॅरालिम्पिकसाठी हाविएर मारिस्काल या चित्रकाराने 'पेत्रा' ही मुलगी रेखाटली. तिला दोन्ही हात नव्हते. ती प्राणी नव्हती, परी नव्हती, टोपी नव्हती. ती माणसाची मुलगी होती, आणि स्वतःच्या पायांवर धावत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःखही नव्हते आणि शौर्याचा आवही नव्हता. माझ्या मते या साऱ्या परंपरेत पेत्राइतके धीट चित्र दुसरे नाही. दोन वर्षांनी नॉर्वेतील लिलेहामरच्या हिवाळी स्पर्धेसाठी 'सोंद्रे' आला. नॉर्वेच्या लोककथांतला ट्रोल, ज्याचा एक पाय कापलेला होता. त्यानंतर मात्र शुभंकरांच्या देहावर अपंगत्वाची खूण अभावानेच दिसू लागली. ससा आला, सरडा आला, समुद्रघोडा आला, हिमकण आला, गाय आली, अस्वल आले, कंदील आला. सगळे गोजिरवाणे आणि सगळे धडधाकट. हात नसलेली मुलगी काढणाऱ्या जगाला पुढची पंचवीस-तीस वर्षे अचानक प्राणीच का आठवू लागले?

याचे समर्थन करणारे दोन प्रकारचे लोक असतात. पहिले म्हणतात, खेळ हा सामर्थ्याचा उत्सव आहे. व्यंग कशाला दाखवायचे? मुले बावरतील. हा युक्तिवाद दयेच्या भाषेत बोलतो, पण त्याच्या बुडाशी लाज आहे. आपल्या घराघरांतून पाहुणे आले की अपंग मुलाला आतल्या खोलीत बसविण्याची जी रीत होती, आणि पुष्कळ ठिकाणी आजही आहे, तिचेच हे सार्वजनिक रूप होय. मुले बावरत नाहीत, याचा पुरावा इटलीने दिला. २०२६च्या मिलान-कोर्तिना हिवाळी स्पर्धांचे शुभंकर देशभरातील शाळकरी मुलांच्या चित्रांतून आणि लोकांच्या मतदानातून निवडले गेले. निवड झाली ती दक्षिणेकडील कलाब्रिया या गरीब प्रांतातल्या तावेर्ना गावच्या शाळेची. तिना आणि मिलो ही दोन मुंगसासारखी जनावरे. पॅरालिम्पिकच्या मिलोला जन्मतःच एक पाय नाही. त्याची उणीव तो शेपटीने भरून काढतो. मुलांच्या कल्पनेतून जन्मलेल्या आणि मोठ्यांच्या मतांनी निवडून आलेल्या या जनावराचा तीन पायांशी संसार चालू शकतो, हे इटलीतील लोकांनी मान्य केले.

दुसरे समर्थक अधिक चतुर असतात. ते व्यंग लपवीत नाहीत, त्याचे सामर्थ्यात रूपांतर करतात. टोकियोच्या पॅरालिम्पिकचा शुभंकर 'सोमेइटी' पाहा. त्याच्या निवडीची पद्धत खरोखर लोकशाहीची होती. जपानमधील प्राथमिक शाळांच्या दोन लाखांहून अधिक वर्गांनी त्यात मतदान केले. पण त्याच्या नावात चेरीच्या एका जातीबरोबरच 'केवढा बलवान' अशा अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोगही ध्वनित होतो, आणि त्याच्या अंगी उडण्याची व मनोमन बोलण्याची अलौकिक शक्ती असल्याचे संयोजकांनी सांगितले. ब्रिटनच्या चॅनल फोर या दूरचित्रवाणी वाहिनीने २०१२ आणि २०१६ मध्ये अपंग खेळाडूंना 'अतिमानव' ठरविणारी जाहिरात चालविली, तीही याच जातीची. तिचे कौतुक खूप झाले. पण टीका कोणी केली? स्वतः अपंगांनी. आम्ही अतिमानव नाही, आम्हाला भाडे द्यावे लागते, औषध घ्यावे लागते, नोकरी शोधावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते; आणि एकदा अतिमानव ठरलेल्या माणसाच्या मदतीला कात्री लावणे सरकारला सोपे जाते, हेही त्यांनी ओळखले होते. या टीकेचा परिणाम झाला, ही समाधानाची गोष्ट. त्याच वाहिनीची २०२४ची जाहिरात नेमकी या 'अपंग असूनही केवढे केले' प्रकारच्या कौतुकाचीच खिल्ली उडविणारी होती.

ब्रिटनचा विषय निघाला म्हणून लंडनच्या २०१२च्या स्पर्धेविषयी थोडे सविस्तर लिहितो. पॅरालिम्पिकच्या शुभंकराचे नाव होते 'मँडेव्हिल'. हे नाव स्टोक मँडेव्हिल या रुग्णालयावरून घेतलेले. नाझी जर्मनीतून १९३९ साली निसटलेला लुडविग गुटमान हा ज्यू डॉक्टर तेथे १९४४पासून पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांवर उपचार करीत होता. ज्या राज्यातून तो निसटला त्याने त्याच सुमारास अपंगांना आणि मनोरुग्णांना 'जगण्यास अपात्र' ठरवून पद्धतशीर ठार मारण्यास प्रारंभ केला होता, हे विसरून चालणार नाही. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनमध्ये ऑलिम्पिकचे उद्घाटन होत असताना, गुटमानने सोळा अपंगांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. पॅरालिम्पिकचा उगम तो. एवढा थोर वारसा असलेल्या नावाला चित्र मिळाले ते एका डोळ्याच्या चकचकीत पोलादी थेंबाचे. त्या डोळ्याच्या जागी कॅमेरा होता. ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याची मनसोक्त टर उडविली. ती उडविण्यासारखीच होती.

मात्र त्या उन्हाळ्यातली खरी प्रतिक्रिया रस्त्यावर होती. पॅरालिम्पिकच्या प्रायोजकांत आतोस ही कंपनी होती, आणि हीच कंपनी ब्रिटिश सरकारच्या वतीने आजारी व अपंग लोकांची 'कामास योग्य' की 'अयोग्य' अशी तपासणी करून त्यांचे भत्ते बंद करण्यास कारणीभूत होत होती. अपंगांच्या संघटनांनी ऐन स्पर्धेच्या दिवसांत लंडनमध्ये निदर्शने केली. त्याच वर्षी जानेवारीत कामगार संघटनांचा पाठिंबा असलेल्या 'प्लेफेअर २०१२' या मोहिमेने शुभंकरांच्या बाहुल्या बनविणाऱ्या चिनी कारखान्यांतील तुटपुंजे वेतन आणि लांबलचक पाळ्या उघडकीस आणल्या होत्या. म्हणजे एकाच बाहुलीत दोन अन्याय शिवलेले होते. शिवणारीच्या घामाचा मोबदला नाही, आणि जिच्या नावाने ती विकली जाते तिचा भत्ता बंद. बाहुली सुंदर की विद्रूप, हा वाद त्यापुढे फार छोटा ठरतो.

आता आपल्याकडे येऊ. विराजला हत्ती करण्यात १९८२च्या एशियाडच्या अप्पूची आठवण कोणालाही व्हावी. विशेषतः स्टेडियम तेच, अप्पूच्या वेळी बांधलेले. त्या एशियाडच्या बांधकामांवर देशाच्या कानाकोपऱ्यातून मजूर आणले होते. रोजच्या सव्वानऊ रुपयांच्या किमान वेतनातून जमादार एक रुपया कापून घेत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने किमान वेतनापेक्षा कमी दराने राबविणे ही वेठबिगारीच होय, असा सिद्धांत या देशाला मिळाला. कार्यकर्त्यांच्या जुन्या पिढीला हे स्मरत असेल. अप्पूविषयीची दुसरी हकीकत मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही. ज्या जिवंत हत्तीवरून अप्पू घेतला त्या कुट्टिनारायणनचा पाय सातव्या वर्षी मैल्याच्या टाकीत पडून मोडला. तो पुन्हा कधी बरा झाला नाही, आणि २००५ साली तो मेला. चित्रातला हत्ती नाचत राहिला. खरा हत्ती लंगडत होता. त्रेचाळीस वर्षांनी त्याच मैदानावर पातीच्या पायाचा हत्ती आला तेव्हा या योगायोगाची आठवण काढण्याजोगी होती.

विराजची पाती मला आवडली, हे स्पष्ट सांगतो. पण पेत्रा, सोंद्रे, फ्रीज, मिलो आणि विराज यांच्याकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट जाणवते. सगळ्यांचे व्यंग हातापायांचे, नेटके, चटकन नजरेत भरणारे आणि डौलदार आहे. यांतला कोणीही चाकाच्या खुर्चीत नाही. कोणाचे अंग आखडलेले नाही, कोणाची मान कलती नाही, कोणाच्या तोंडून लाळ गळत नाही. मतिमंद म्हणून ज्यांना आपण हिणवीत आलो त्यांचे तर चित्रच काढता येत नाही. सिडनीच्या २००० सालच्या स्पर्धेत स्पेनच्या बास्केटबॉल संघाने बौद्धिक अपंगत्व नसलेले खेळाडू घुसवून सुवर्णपदक पटकाविले. लबाडी धडधाकटांनी केली आणि शिक्षा म्हणून बौद्धिक अपंगत्व असलेल्या सर्व खेळाडूंना २०१२ पर्यंत पॅरालिम्पिकचे दार बंद राहिले. अंगावर पाती मिरविता येत नाही अशा माणसांच्या बाजूने तेव्हा किती आवाज उठला?

आपल्याकडील सरकारी प्रतिसादाने तर चित्रापेक्षा शब्दाचा आश्रय घेतला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणावे असे सुचविले आणि पाहता पाहता खात्यांच्या पाट्या बदलल्या. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याच वेळी हरकत घेतली. आमच्या अवयवांत दिव्य काही नाही, अडचण तुमच्या पायऱ्यांत आहे, असा त्यांचा आशय होता. 'अतिमानव' आणि 'दिव्यांग' ही एकाच वृत्तीची दोन भाषांतली नावे आहेत. या लेखात मी 'अपंग' हाच शब्द मुद्दाम वापरला आहे. ज्या संघटनांना दुसरा शब्द हवा असेल त्यांचा तो अधिकार, पण तो शब्द त्यांनी ठरवावा. नावात देवत्व आले, आणि अतितीव्र अपंगत्व असलेल्या गरिबाला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा मात्र वर्षानुवर्षे दरमहा ३०० रुपयेच राहिला.

न्यायालयांनी अलीकडे या बाबतीत सरकारपेक्षा अधिक जाण दाखविली आहे. जुलै २०२४ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने अपंगांचे चित्रण कसे असावे याची सूत्रे घालून दिली. अपंगत्वावरचा विनोद आणि अपंगांना हिणविणारा विनोद यांत न्यायालयाने भेद केला, आणि अपंगांविषयीचे चित्रण अपंगांना विचारूनच व्हावे असे म्हटले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सार्वजनिक इमारती व वाहने अपंगांना सुलभ करण्याचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवणे कायद्याविरुद्ध आहे, ते सक्तीचे करा, असा आदेश दिला. शुभंकर आणि पायरी यांचा संबंध या दोन निकालांनी माझ्या मते पुरता स्पष्ट केला आहे. पहिल्याशिवाय दुसरा निकाल रुजत नाही, आणि दुसऱ्याशिवाय पहिला नुसता शोभेचा राहतो.

आणि शोभेचा शुभंकर नसतानाही माणसे काय करू शकतात हे महाराष्ट्राला शिकविण्याची गरज नाही. १९७२ साली म्युनिक ऑलिम्पिकने 'वाल्डी' नावाचे रंगीबेरंगी कुत्रे आपला पहिला अधिकृत शुभंकर म्हणून जगभर विकले. त्याच वर्षीचे अपंगांचे सामने मात्र म्युनिकमध्ये झाले नाहीत. ऑलिम्पिकग्रामातील घरांचे रूपांतर लगोलग खाजगी सदनिकांत व्हावयाचे होते, म्हणून अपंग खेळाडूंना हायडेलबर्गला जावे लागले. तेथे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर या, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या जवानाने पन्नास मीटर पोहण्यात जागतिक विक्रमासह भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. त्यांच्यावरचा चित्रपट २०२४ साली निघाला तेव्हा प्रेक्षागृहांत टाळ्या पडल्या. त्यांतल्या किती प्रेक्षागृहांत चाकाची खुर्ची आतवर नेता येत होती, हे टाळ्या वाजविणाऱ्यांना विचारून पाहावे. त्याच वर्षी पॅरिसला सांगलीच्याच सचिन खिलारीने गोळाफेकीत १६.३२ मीटरची फेक करून रौप्यपदक मिळविले.

तालुका आणि जिल्हा पातळीवर अपंगांचे सामने भरतात तेव्हा आमचे कार्यकर्ते तेथे जातात, पण बहुधा बक्षीस-समारंभाला. यापुढे नोंदणीच्या दिवशी जावे. मैदानाच्या दाराशी उतार आहे काय, स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची जाते काय, बहिऱ्या खेळाडूला शर्यतीचा इशारा दिसेल अशी सोय आहे काय, खेड्यातून आलेली मुलगी एस.टी.त कोणाच्या खांद्यावरून चढली, चित्रफलक रंगविताना एकाही अपंगाला विचारले होते काय, हे टिपून स्थानिक अपंग संघटनेच्या हाती द्यावे आणि तिच्याबरोबर अर्ज करावा. अशा तक्रारींची दखल घेण्याचे काम २०१६च्या कायद्याने राज्याच्या आयुक्तांवर सोपविलेले आहे. त्यांचे कार्यालय पुण्यास आहे.